बेस

ट्रक तांड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला तेव्हा वर्षा गावातल्या अंगणवाडीत खिचडी खात होती. तसं ठरवूनच केलं होतं. ठरवणारी रुक्माबाई, वर्षाची आजी. पुढं चार महिने तिनं मनातल्या मनात स्वतःला जे जे ऐकवलं, त्याची सुरुवात या ठरवण्यापासून होते. म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

तांडा ढाणकीच्या बाजारापासून दोन कोसांवर. साठेक घरं, मध्ये तांड्याचा देव सेवाभाया, त्याचा ओटा आणि पांढरा झेंडा. नाला ओलांडला की गाव. कापसाची-तुरीची वावरं असलेली माणसं गावात राहतात. शाळा तिकडं, दवाखान्याची नर्स तिकडं, अंगणवाडीही तिकडंच. दिवाळी आटोपली की तांडा निम्मा रिकामा होतो. नवरा-बायको कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरं संगं जातात, मागं म्हातारी माणसं आणि शेरडं उरतात. रुक्माबाईचा लेक देवीलाल आणि सून बबिता लग्नापासून एकही साल चुकले नव्हते. वर्षा तर फडातच रांगली, फडातच चालायला शिकली.

यंदा तिला पाच पुरी झाली. दसऱ्याच्या आधी अंगणवाडीच्या विमलताई नाला ओलांडून तांड्यात आल्या, ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "देवीलाल, यंदा पोट्टीले नेऊ नको. जूनमंदी पहिलीत बसन ते. तवरोक माह्या हाताखाली राहू दे. डोकं हाये तिले."

देवीलाल कोयत्याची मूठ घासत होता. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. नऊ वर्षांचा असताना फडात गेलं ते. "शिकत असन तर राहू द्या, ताई," तो म्हणाला. "पन नुसती बसून राहाची असन तर पुढच्या खेपेले मी नेतो. भारतले धराले कोनी तरी लागतेच."

भारत म्हणजे वर्षाचा भाऊ, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा.

"शिकते ते. मी पाहातो ना तिच्याकडे," रुक्माबाई घाईनं म्हणाली. त्या अर्ध्या बोटाकडं बघून तिनं हे किती सालांपासून मनात धरलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता प्रश्न उरला निघायचा. वर्षा आईला सोडणारी पोर नव्हती. आई नाल्यावर धुणं घेऊन गेली तरी पदर धरून मागं जाई. घरात यावर खल झाला तो गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. तो तसाच्या तसा लिहिला तर वाचणाऱ्याची पंचाईत व्हायची. मतलब एवढाच, की बबिता म्हणत होती, सांगून जाऊ, रडली तर रडू दे. आणि रुक्माबाई म्हणाली, "रडली तर तूच ट्रकमधून उतरशील. मी तुला ओळखत नाही का? अंगणवाडीत बसव, येते म्हण, आणि नीघ. लेकरू आहे, चार दिवसांत विसरेल."

बबितानं ऐकलं. सासूचं ऐकायची तिची रीत होती. त्या दिवशी तिनं पोरीची वेणी घातली, पावडर लावली, अंगणवाडीच्या पायरीपर्यंत नेलं आणि खाली वाकून म्हणाली, "बेस. म आवूंचू."

बस, मी येते. एवढंच. मग ती नाल्यातून पदर तोंडात कोंबून आली, भारतला उचललं आणि ट्रकमध्ये चढली.

तिसऱ्या प्रहरी रुक्माबाई पोरीला आणायला गेली. अंगणवाडी सुटून तास झाला होता. वर्षा पायरीवर बसलेली. शेजारी खिचडीची थाळी, थाळीत माश्या. विमलताई कुलूप हातात घेऊन ताटकळल्या होत्या.

"खिचडी खाल्ली अन् थाळी घेऊन इथंच येऊन बसली. किती म्हनलं ऊठ, घरी जाय. उठूनच नाई राह्यली. काहून वो रुक्माबाई?"

रुक्माबाईनं पोरीला काखेत उचललं. पाच वर्षांची पोर काखेत मावत नाही, पाय लोंबकळत होते. नाल्यात पाण्याजवळ आल्यावर वर्षानं आईचं विचारलं, "याडी?"

"येते," रुक्माबाई म्हणाली.

घरी चुलीजवळ कोयते टांगायची खुंटी रिकामी होती. वर्षानं तिकडं पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिनं अंगणवाडीत तोंड उघडलं नाही.

चार दिवसांत ती विसरली नाही, आठ दिवसांतही नाही. रोज जायची मात्र. पायरीवर ज्या जागी आईनं बसवलं होतं त्याच जागी बसायची. विमलताई हात धरून आत नेत, ती आत बसायची. गाणी चालायची, टाळ्या वाजायच्या, पोरं चित्रांना बोट लावून ओरडायची. ही सगळ्यांच्या तोंडाकडं बघायची आणि स्वतः गप्प. विमलताईंचा नातू नयन तिच्याच वयाचा, मोठा बोलभांड. त्यानं एक दिवस जाहीर करून टाकलं, "आजी, ते मुकी हाये." पोरं हसली. पोरांचं सोडा, पण दुसऱ्या आठवड्यात नर्सबाईंनीही तेच विचारलं.

रुक्माबाईला कापसाची वेचणी होती. विमलताईंचे यजमान किसनराव, त्यांचंच वावर, नाल्याला लागून. थंडीत पऱ्हाटीवरचं दव वाळलं की बाया आपापल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागत. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडं उपसायची, ओटी भरली की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गंजीत रिकामी करायची. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला घुसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं अशी होतात की भाकर थापताना पीठ झोंबतं. वाकून वाकून कंबर धरली की रुक्माबाई उभी राहून अंगणवाडीच्या पत्र्याकडं बघायची. वावरातून तो पत्रा दिसायचा, उन्हात चमकायचा. आत आपली पोर शिकून राह्यली, असं मनाशी म्हणायची आणि पुन्हा वाकायची.

दुपारी अंगणवाडी सुटली की वर्षा सरळ वावरात यायची. वाट तिला कुणी दाखवावी लागली नाही. गंजीजवळ बसायची आणि कापूस निवडायची. पांढरा एकीकडं, किडका पिवळा कवडी कापूस दुसरीकडं, पाल्याचा चुरा फुंकून बाहेर. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाया ओट्या रिकाम्या करायला आल्या की ती तोंडं बघायची, आणि एखादी यायची राहिली तर तिच्या तासाकडं बोट करायची. सात बाया होत्या. सातांतली एक कमी आहे, हे त्या पोरीला कळत होतं.

"इतली बारकी, पन हिशोब पक्का," शेजारच्या तासातली भागीरथा म्हणाली.

घरी ती बोलायची, पण शेळीशी जास्त. शेळीला काय काय सांगायची ते रुक्माबाई भाकरी करता करता ऐके. आजीनं मराठी बोलायचं ठरवलं तेही याच दिवसांत. विमलताईंनी बजावलं होतं, "घरी जरा मराठीत बोलत जा तिच्यासंगं. तिले आमचं समजतच नसन त काय करन बिचारी?" मग रुक्माबाई शेळीकडं बोट करून म्हणायची, शेळी. गावडी नाही म्हणायचं, गाय म्हणायचं. वर्षा ऐकून घ्यायची. आजीला हे काय झालंय, असा तिचा चेहरा व्हायचा.

फोन आठवड्यातून एकदा यायचा. देवीलाल विचारी, "शिकते का?"

"शिकते ना," रुक्माबाई म्हणायची.

बबिता पोरीला फोनवर बोलवी. वर्षा फोन कानाला लावून उभी राहायची, ऐकायची, आणि एकही शब्द न बोलता परत द्यायची. फोनच्या आत बबिता रडत असे.

फेब्रुवारीच्या शेवटी विमलताईंनी निरोप धाडला. वरून मॅडम यायच्या आहेत, जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या पोरांची तपासणी आहे, पालकांनी हजर राहायचं. पालक म्हणजे रुक्माबाई. तिनं वेचणीचा खाडा केला, ठेवणीतलं लुगडं नेसली, पोरीच्या डोक्याला तेल चोपडलं. वाटेत नाल्यात थांबून तिनं पोरीचे पाय पुन्हा धुतले.

उज्ज्वला मॅडम तिशीतल्या, चष्म्याच्या, आवाजानं मऊ. पोरांना त्यांनी गोळ्या दिल्या. समोर चित्रांची पुस्तकं, लाकडी ठोकळे, रंगीत मणी आणि मोबाइल. एकेक पोर उभं राहायचं, मॅडम विचारायच्या, विमलताई कडेला उभ्या राहून धीर द्यायच्या. नयननं सगळी चित्रं ओळखली, वर न विचारलेलं गाणंही म्हटलं. विमलताई घटकेघटकेला म्हणत होत्या, "बेस रे, बेस." आमच्याकडं चांगलं झालं की बेस म्हणतात. जेवण बेस होतं, पाऊस बेस झाला, पोरगा बेस बोलला.

वर्षाचं नाव आलं. ती उभी राहिली. रुक्माबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मॅडमनी चित्र दाखवलं. "हे काय आहे, बाळा?"

वर्षानं चित्राकडं पाहिलं, मॅडमच्या चष्म्याकडं पाहिलं. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत तिचा आवाज आला.

"गाय."

विमलताईंना इतका आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. "बेस, माय, बेस!"

वर्षा खाली बसली.

"ऊठ, बाळा. अजून आहेत," मॅडम हसून म्हणाल्या. त्यांनी स्वतः हात दाखवून उठवलं. वर्षा उठली. मॅडमनी मोर दाखवला. वर्षाचे ओठ हलले. विमलताई पुढं सरकल्या, "हां, बेस, बोल ना माय..."

वर्षा बसली.

"असं नाही. एका पायावर उभी राहून दाखव बरं." मॅडम स्वतः एका पायावर उभ्या राहिल्या. वर्षानं बघितलं, पाय उचलला, बगळ्यासारखी स्थिर उभी राहिली. फडात सरींवरून चालणारी पोर, तिला त्यात काय?

"बेस!" विमलताई म्हणाल्या.

पाय टेकला, पोर बसली. मागं बसलेली पोरं खिदळली. नयन तर लोळलाच.

"काहून बसते वो घडीघडी?" विमलताईंचा चेहरा पडला. त्यांच्या हातात त्या क्षणी छडी नव्हती, आणि त्या मारणाऱ्यातल्याही नव्हत्या, पण आवाज चढला. "उभी राहा म्हनलं त उभी राहा ना!"

आवाज चढला तशी वर्षा पार मिटून गेली. तिनं गुडघ्यांत तोंड घातलं. मॅडमनी ठोकळे पुढं सरकवले, मणी दाखवले. मग मोबाइलवर बोटानं काही काही दाबलं. फार वेळ दाबत होत्या.

रुक्माबाईला वाटलं उठावं, काहीतरी सांगावं. पण काय सांगायचं तेच तिला समजत नव्हतं. पोर बसली, हे तर तिनंही पाहिलं होतं. गावच्या माणसांत बसलं की तिचे कान गावचेच होत. पन्नास वर्षांची सवय. 'बेस' तिनं ऐकलं ते गावच्या कानांनी ऐकलं.

जाताना विमलताईंनी तिच्या हातात एक कागद दिला. "यवतमाळले मोठ्या दवाखान्यात दाखवा लागते म्हनते मॅडम. पाहा, जमलं त."

यवतमाळ म्हणजे पहाटे निघून एसटी बदलत जायची गोष्ट. रुक्माबाईनं कागद घडी करून चोळीत ठेवला. वर्षानं मॅडमची गोळी उघडली नव्हती. ती तिनं घरी येऊन शेळीला दिली.

दुसऱ्या दिवशी शेवटची वेचणी होती, फरदडीची. बोंडं विरळ, कापूस आखूड. अंगणवाडीला सुट्टी म्हणून वर्षा सकाळपासून वावरातच होती. दुपारी किसनराव धुऱ्यावर आले. गंजीजवळ वर्षा उभी राहून निवडलेला कापूस गाठोड्यात सारत होती. किसनरावांनी मूठभर उचलून बघितला. कवडीचं एक बोंड नाही, पाल्याचा कण नाही.

"वा वो रुक्माबाई," ते म्हणाले, "पोरीनं बेस निवडला."

वर्षा आहे त्या जागी, पऱ्हाटीच्या खुंटांत, मटकन बसली.

रुक्माबाईच्या ओटीचं टोक हातातून सुटलं. वेचलेला कापूस मातीत सांडला. किसनराव म्हणाले, "अवो, काय करून राह्यल्या, माल मातीत..." पण तिला ते ऐकू आलं नाही. ती पोरीजवळ गेली, तिला उठवलं, आणि हळूच, स्वतःच्या कानांनी ऐकत म्हणाली, "बेस."

वर्षा बसली. आजीच्या तोंडाकडं वर बघत बसली, आता पुढं काय म्हणून.

"ऊठ" म्हटलं की उठत होती. "बेस" म्हटलं की बसत होती. गोरबोलीत बेस म्हणजे बस. दुसरं काय करायचं पोरीनं? सगळ्या खोलीत एकटी तीच सांगितलेलं ऐकत होती. आणि हा शब्द तिला शेवटचा कुणी सांगितला होता, तो आठवून रुक्माबाईनं तिथंच धुऱ्यावर पोरीला कवटाळलं. बेस, मी येते. पोर त्या दिवसापासून बसून होती. बसली की आई येणार होती.

संध्याकाळी ती विमलताईंच्या दारात गेली. दाराच्या आत तिला कधी कुणी अडवलं नव्हतं आणि बोलावलंही नव्हतं, त्यामुळं ती ओसरीखाली उभी राहिली. विमलताई तूर पाखडत होत्या.

"ताई, पोट्टी मंद नाई. तुमी बेस म्हनल्या, ते बसली. आमच्यात बेस म्हंजे बस."

विमलताईंचं सूप थांबलं. आधी त्यांना हसू आलं, खरंच आलं, तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग हसू मावळलं.

"म्हंजे मीच तिले बसोत होतो घडीघडी?"

"तुमाले कुठं माहीत होतं, ताई?"

"वीस साल झाले मी तांड्याच्या लेकरायले शिकोतो, रुक्माबाई." विमलताई सुपातल्या तुरीकडं बघत राहिल्या. "कोनी मले सांगतलं नाई. अन् मीबी कोनाले इचारलं नाई."

"मॅडमले सांगा ना, ताई. दुसरं लिहाले लावा."

विमलताईंनी सूप पुन्हा हलवलं. "ते मोबाइलमंदी टाकलं की वर जाते. आता मी कसं म्हनू, माह्याच्यानं चुकलं म्हून? आधीच माह्या केंद्राचे आकडे खाली हायेत. पाहातो मी. सांगतो." त्यांचा सांगायचा विचार नव्हता असं नाही. पण सांगणं त्यांना जड होतं, आणि ते रुक्माबाईला त्यांच्या खालच्या मानेवरूनच कळलं.

म्हणून ती स्वतः गेली. मॅडम मंगळवारी पलीकडच्या गावात असतात एवढं तिनं काढून घेतलं होतं. पाय उन्हानं भाजत ती तिथं पोहोचली तर आत तपासणी चालू होती. दुपार होईस्तोवर ती कडुनिंबाखाली बसली. मॅडम डबा खायला बाहेर आल्या तेव्हा तिनं पाय धरायचा बेत केला होता, पण मॅडमनी खुर्चीच पुढं केली.

"बसा, आजी."

रुक्माबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. सगळं सांगितलं. बेस सांगितलं, कापूस सांगितला, सात बाया सांगितल्या. मॅडमनी पोळी खाली ठेवली.

"मला तुमची बोली येत नाही, ही माझी चूक धरा," त्या म्हणाल्या. "पण आजी, एका शब्दाची गोष्ट असती तर सोपी होती. चार महिने मूल कुणाशी बोललं नाही. खेळलं नाही. आवाज चढला की मिटून जातं. हे काही त्या शब्दामुळं नाही. लहान मूल मनातून धसकलं ना, की त्याची बुद्धीही आत जाऊन बसते. असते, पण बाहेर येत नाही." त्या जरा पुढं वाकल्या. "तिचे आई-वडील गेले तेव्हा काय झालं होतं? तिला सांगून गेले होते का? तसं काही असेल तर मला सांगा. मी वेगळी नोंद करते, स्वतः येऊन पुन्हा बघते तिला. मंद म्हणून शिक्का बसणार नाही."

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. फसवून गेले, आणि मी फसवायला लावलं. रुक्माबाईच्या तोंडापर्यंत ते आलंही. पण समोरची बाई शिकलेली, डबा तसाच ठेवून एवढ्या मायेनं बघत होती, की हिच्या नजरेत आपण कोण ठरू, या लाजेनं म्हातारीची जीभ उचलेना.

"सांगूनच गेले, मॅडम," ती म्हणाली. "काई झालं नाई."

मॅडमनी मान हलवली. "बरं. मग दवाखान्यात दाखवाच."

परतीच्या वाटेवर रुक्माबाई दोनदा थांबली. एकदा मागं वळूनही उभी राहिली. पण मॅडमची गाडी तोवर दुसऱ्या रस्त्यानं निघून गेली होती. मेली मी, मेली, असं ती रस्त्यावरच्या धुळीला सांगत घरी आली.

होळीला ऊसतोडीची माणसं आली. तांड्यात होळी म्हणजे सगळ्यांत मोठा सण, आणि भारतची पहिली होळी, म्हणजे त्याची धुंड. कारखाना बंद नव्हता. मुकादमानं चार दिवस सोडलं होतं. बबिता ट्रकमधून उतरली ती धावतच आली. वर्षा दारात होती. आईला बघून ती पळाली नाही, रडली नाही. दाराच्या उंबऱ्याजवळ खाली बसली, आणि आईकडं बघत राहिली. बघ, मी बसलेच आहे.

बबिता तिथंच मातीत बसली आणि तिला पोटाशी घेतलं. रुक्माबाईला ते बघवेना. ती आत जाऊन उगाच भांडी सरकवू लागली.

धुंडीच्या दिवशी रुक्माबाईनं पेटीतला जुना फेटिया, आरशांचा घागरा, नेसला. गेरिये, म्हणजे होळी खेळणारे तांड्यातले गडी, काठ्या आपटत गाणी म्हणाले, भारतला माळ घातली, गूळ वाटला. वर्षा सबंध दिवस आईच्या कडेला चिकटून होती आणि बोलत होती. इतकं बोलत होती की रुक्माबाईला कळेना, हे सारे शब्द चार महिने ठेवले कुठं होते.

देवीलालच्या हाती कागद लागला तो पेटी उघडी राहिली म्हणून. तो सातवीपर्यंत शिकला होता, अक्षर लावून लावून वाचायचा. अर्ध्या बोटानं ओळ धरून त्यानं वाचलं. "सूचनांचे आकलन, नाही. भाषा, वयाच्या मानाने खूप मागे." तो वर बघून म्हणाला, "याडी, तू तर शिकते म्हणायचीस."

रुक्माबाईनं त्याला बेसचं सांगितलं. तो हसला, मग त्याचं हसू थांबलं.

"खरं असेल. पण मॅडमनं लिहिलंय ना. सरकारी लिहिलेलं माझ्या सांगण्यानं खोडतं का? आणि पोरगी बघ." दारात वर्षा आईच्या मांडीवर डोकं टेकून होती. "हिला पुन्हा पायरीवर बसवून जाऊ? तुझ्याच्यानं होईल?"

बबिता खालच्या मानेनं म्हणाली, "मी नाही जायची हिला सोडून. माझ्याच्यानं नाही होत."

पोरीला ठेवावं तर तिचं आतलं आत सुकणार, धाडावं तर ती फडात भारतला कडेवर घेऊन मोठी होणार. कारखान्यानंतर वीटभट्टी, वीटभट्टीनंतर पाऊस, पाऊस सरला की पुन्हा कोयता. मध्ये कुठं तरी जून येईल आणि जाईल.

निघायच्या सकाळी विमलताई आल्या. हातात चित्रांचं एक जुनं पुस्तक, कव्हर गेलेलं. "तिकडं दाखोत जा तिले," त्या बबिताला म्हणाल्या. मग रुक्माबाईकडं न बघता म्हणाल्या, "मी मॅडमले फोन लावतो." त्यांनी आजवर लावला नव्हता, हे त्यातच आलं. "काल होळी होती म्हून..."

"हो, ताई," रुक्माबाई म्हणाली.

ट्रकमध्ये कोयते, भांडी, गोधड्या आणि माणसं. देवीलालनं वर्षाला वर उचलून दिलं. बबितानं तिला गोधडीवर जागा केली. या खेपेला तिला कुणी फसवलं नाही, आणि पोरीचा चेहरा असा खुलला होता की रुक्माबाईला तिच्या आनंदाची भीती वाटली. ट्रकच्या मागच्या फाळक्याला हात लावून ती उभी राहिली.

आत वर्षानं पुस्तक उघडलं होतं. आठ महिन्यांचा भारत तिच्यासमोर, नुकताच बसायला शिकलेला, डुलत. ती ताठ झाली, विमलताई पदर खोचतात तसा फ्रॉक खोचला, आणि चित्रावर बोट ठेवून स्वच्छ मराठीत म्हणाली, "हे काय हाये, बाळा? गाय. हे काय हाये? मोर. हे घर. हे झाड. हे ट्रक. हे सूर्य, उगोते अन् मावयते." एकामागून एक. पान उलटलं, पुन्हा. मग गाणं, नयन म्हणतो ते, टाळ्यांसकट. चार महिने गप्प बसून तिनं सगळी अंगणवाडी पाठ केली होती.

विमलताई दोन पावलं पुढं आल्या आणि थांबल्या. त्यांच्या तोंडून नेहमीचा शब्द निघणार होता. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"देवा," रुक्माबाई ओरडली, "देवीलाल, ऐक रे, पोरगी काय बोलते ऐक..." पण ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं आणि देवीलाल पुढं केबिनमध्ये बसला होता. ट्रक हलला. रुक्माबाईचा हात फाळक्यावरून सुटला. ती चार पावलं धावली, मग तिची कंबर धरली.

धक्क्यानं भारत आडवा झाला. वर्षानं पुस्तक बाजूला ठेवलं, त्याच्या काखांत हात घालून त्याला सरळ केलं, गोधडीवर नीट टेकवलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "बेस."

तो बसला. ट्रक नाल्याच्या वळणावर वळला तरी वर्षा त्याला पुढचं चित्र दाखवत होती.